चादरीच्या दोन टोकांचं इंग्रजी

बाईंचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत होतं, पण ते वाचण्याची तसदी कुणी घेत नसे. शेजारीपाजारी, दुकानदार, विद्यार्थी, इतकंच काय, सख्खी सासूसुद्धा त्यांच्या माघारी त्यांना 'करून बघू बाई' म्हणे. कुणी काही सांगितलं की बाई हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "असं? करून बघू." आणि खरोखरच करून बघायच्या, हीच तर पंचाईत होती.

एकदा सासूबाई सहज म्हणाल्या, झाडांशी बोललं की झाडं जोमानं वाढतात. झालं! गॅलरीत एकाच रोपाच्या दोन कुंड्या आल्या. एकीशी बाई सकाळ-संध्याकाळ गप्पा मारायच्या आणि दुसरीला पाठ दाखवायच्या. त्या अबोल कुंडीची सासूबाईंना एवढी दया आली, की त्या तिला गुपचूप जास्तीचं पाणी घालू लागल्या, आणि नेमकी तीच तरारून आली. "म्हणजे झाडाला गप्पा नकोत, पाणी हवं," असा निकाल बाईंनी जेवताना सर्वांसमक्ष जाहीर केला. त्यानंतर काही दिवस सासूबाईच अबोल झाल्या.

हा गुण म्हणा की खोड, जुनीच होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला असताना बाईंना कृतिसंशोधन नावाचा एक विषय होता. नाव भारदस्त, काम साधं. आपल्याच वर्गात काय अडतंय ते शोधायचं, त्यावर एक उपाय करायचा, फरक पडला का ते पाहायचं, आणि नसेल पडला तर उपाय बदलून पुन्हा पाहायचं. पण नावाच्या धाकानं सगळे आदल्या वर्षीच्या कुणाची तरी फाईल मागून आणत, आणि शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच शेवटच्या पानावर 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीत लक्षणीय वाढ दिसून आली' असं लिहून मोकळे होत. बाईंनी मात्र खऱ्या वर्गात जाऊन खरा उपाय केला, आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'काहीही फरक पडला नाही. का ते कळलेलं नाही. पुन्हा करून बघायला हवं.' त्यांना सगळ्यांत कमी गुण मिळाले. त्या वर्षी संशोधन म्हणावं असं तेवढं एकच झालं होतं, पण हे परीक्षकांना कोण सांगणार?

पुढे बाई इंग्रजी शिकवू लागल्या. घर वरच्या मजल्यावर, खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचा मुलगा, कुणाची सून असे विद्यार्थी जमत गेले. नवरा शांत माणूस. दिवसभर लोकांच्या नाकावर जड लोखंडी चौकट चढवून, तिच्यात एकेक काच सरकवत तो एकच प्रश्न विचारत असे, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" त्या प्रश्नावर त्याचा संसार चालला होता.

या दुकानातच एक दिवस गावातल्या मोठ्या हॉटेलचे मॅनेजर चष्म्याची मोडलेली काडी घेऊन आले, आणि काडी बसेपर्यंत आपलं दुखणं सांगत बसले. हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती. हंगाम संपला की तिथे चादरींच्या घड्या घालणारं यंत्र येणार होतं. मग घड्या घालणाऱ्या बायकांचं काय करायचं? वरच्या मजल्यांवर खोल्या आवरायला माणसं हवी होती, पण तिथे देशोदेशीच्या पाहुण्यांशी इंग्रजीत बोलावं लागे. ज्यांना ते जमेल त्यांना वर घ्यायचं, जमणार नाही त्यांना घरी पाठवायचं, असं वरून ठरलं होतं. मुख्य कचेरीतून एक मॅडम येऊन प्रत्येकीशी बोलून पाहणार होत्या.

"शिकतील का हो त्या?" मॅनेजरांनी विचारलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "करून बघू!"

---

वर्ग भरला तो लाँड्रीला लागून असलेल्या कोठारात. मॅनेजर तसे दिलदार. मेजवानीच्या दालनातून बाद झालेल्या लाल गादीच्या, सोनेरी पायांच्या खुर्च्या त्यांनी खास वर्गासाठी पाठवल्या होत्या. बाईंना त्या फार आवडल्या. कामाची पाळी संपली की निळ्या ॲप्रनमधल्या बायका यायच्या आणि त्या मखमलीवर अगदी कडेला टेकायच्या. त्यांत एका घरातल्या दोन जावा होत्या. थोरली जे म्हणेल त्याच्या उलट धाकटी म्हणायची, आणि तरीही दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. बाकीच्या तरुण होत्या, हसऱ्या होत्या. आणि मावशी होत्या.

मावशी सगळ्यांच्याच मावशी. मॅनेजरही त्यांना मावशीच म्हणत, कारण मॅनेजर या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायला लागले तेव्हाही मावशी तळघरात होत्याच. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की धुलाईची सगळी यंत्रं चालू असतानाही तो भिंतीपलीकडे ऐकू यावा. नवरा छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला, मुलगी परगावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घराचा सगळा गाडा मावशींच्या दोन हातांवर चालला होता, आणि आता त्या हातांचं काम यंत्र करणार होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? वर जाणं जमलं नाही तर सगळंच संपलं, हे मावशी एकदा सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, पण बाईंच्या डोक्यातून तो जाईना.

आणि नेमक्या याच मावशींच्या तोंडाला वर्गात कुलूप लागायचं. फळ्यावरचं सगळं त्या सुबक अक्षरात उतरवून घेत. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारलं तर मान डोलावून बरोबर वस्तूकडे बोट दाखवत. पण 'बोला' म्हटलं की मावशी खुर्चीच्या कडेवर ताठ व्हायच्या, दोन्ही हात मांडीवर पालथे घालायच्या आणि जमिनीकडे बघत बसायच्या. भिंतीपलीकडे जाणारा तो आवाज ओठांच्या अलीकडेच अडायचा.

मग बाईंनी कंबर कसली. एका आठवड्यात त्यांनी खुर्च्या रांगेतून काढून गोल मांडल्या, रंगीत चित्रं आणली, सुरुवातीला चहा ठेवला, आणि एका जाडजूड उशीला नवऱ्याच्या दुकानातली जुनी फ्रेम चढवून तिला पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवलं. प्रत्येकीनं या पाहुण्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, खोली आवरू का विचारायचं. पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकला, सगळ्या बोलल्या, मावशींनीही ओठ हलवले. बाई नाचायच्याच बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी तीच उशी, तोच चहा, आणि वर्गात स्मशानशांतता.

"काल कशानं जमलं आणि आज कशानं बिनसलं, काही कळायला मार्ग नाही," रात्री जेवताना बाई कुरकुरल्या.

नवऱ्यानं घास खाली ठेवला. "अगं, एकदम किती काचा बदलल्यास?"

"म्हणजे?"

"मी डोळे तपासताना दोन्हीकडच्या काचा एकदम बदलल्या, वर दिवाही मोठा केला, तर गिऱ्हाईक म्हणेल छान दिसतंय. पण कशानं, ते त्यालाही कळणार नाही आणि मलाही नाही. एका वेळी एकच काच बदलायची."

बाईंना हे आधी सुचलं नाही याचा राग आला, तो त्यांनी नवऱ्यावर काढला. "मग इतके दिवस गप्प का बसला होतात?" पण दुसऱ्या दिवसापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरलं.

आता दुसरी अडचण. नवरा गिऱ्हाइकाला विचारतो तसं बाईंनी विद्यार्थिनींना विचारायला सुरुवात केली, "आज बरं वाटलं, की कालचं बरं होतं?" सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "छान वाटलं, बाई!" चित्रं काढून टाकली तरी छान, परत लावली तरी छान. उद्या बाईंनी वर्गात छत्री उघडून शिकवलं असतं तरी ते छानच ठरलं असतं. पोटासाठी आलेल्या माणसांनी शिकवणाऱ्याला 'नको' कसं म्हणायचं? नवऱ्याचीही अशी गिऱ्हाइकं होती. भिडेपोटी 'दिसतं, दिसतं' म्हणायची आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर आदळायची.

तेव्हा बाईंनी लाँड्रीतले लाकडी चिमटे मागून घेतले. दारापाशी दोन दोऱ्या बांधल्या. वरची 'बरं' आणि खालची 'नको'. प्रत्येकीनं जाताना एक चिमटा लावायचा, आणि तेवढा वेळ बाईंनी फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. "मागे वळून बघितलं तर माझं नाव बदला," असं त्यांनी वचन दिलं. नाव तर आधीच बदललेलं होतं, पण बायकांना ते पटलं.

उशीच्या पाहुण्यांचा निकाल त्याच दिवशी लागला. बाई वळल्या तर सगळेच्या सगळे चिमटे खालच्या दोरीवर! त्या उशीसाठी बाईंनी अर्धी रात्र खपून नाक शिवलं होतं. क्षणभर त्यांना खरंच लागलं. मग त्या एकट्याच त्या रिकाम्या कोठारात खो-खो हसत सुटल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरं उत्तर दिलं होतं. पाहुण्यांचा चष्मा उतरवण्यात आला आणि त्यांना परत पलंगावर पाठवण्यात आलं.

चहाला वरची दोरी मिळाली, चित्रांना अर्धीअर्धी. जावांचे चिमटे एकमेकींच्या विरुद्धच असणार, हे बाईंनी न वळताही ओळखलं असतं. पण मावशींचं कुलूप काही निघेना. हंगाम उतरणीला लागला. मॅनेजर जिन्यात भेटले की "काय मॅडम, बोलतात का?" असं विचारायचे, आणि बाई घाईनं पायऱ्या उतरून जायच्या. मावशींची परीक्षा आपल्या हातून वाया गेली तर, या विचारानं त्यांना झोप लागेनाशी झाली.

शेवटी बाईंनी हात टेकले, आणि हात टेकल्यावर त्यांना जे करायला हवं होतं ते सुचलं. उपाय करायच्या आधी अडचण नीट बघायची असते. ती त्यांनी कुठे बघितली होती? मावशींना त्यांनी खुर्चीवरच तेवढं पाहिलं होतं.

"मला तुमच्या कामाच्या वेळी लाँड्रीत येऊन बसू द्याल?" त्यांनी बायकांना विचारलं.

"बसायला जागा नाही तिथे, बाई," थोरली जाऊ म्हणाली.

"आहे की, टोपल्यावर," धाकटी म्हणाली.

---

लाँड्रीत वाफ होती, साबणाचा वास होता आणि यंत्रांची घरघर होती. वाळलेल्या चादरींचे ढीग लांब टेबलावर येऊन पडत. एक चादर उचलायची, दोघींनी दोन टोकं धरायची, मागे सरकत ती ताणायची, एक झटका द्यायचा, मग पुढे चालत येऊन टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आणि या येण्याजाण्यात बोलणं अखंड चालू. ताणताना एकीनं काहीतरी विचारायचं, टोकं मिळताना दुसरीनं उत्तर द्यायचं. जणू चादरीबरोबर बोलणंही घडी होऊन ठेवलं जात होतं. मावशी तर नुसत्या सुटल्या होत्या. मुलीच्या वसतिगृहातल्या भानगडी, नवऱ्याचं औषध घ्यायचं टाळणं, वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यानं चादरीवर सांडलेली शाई, सगळं त्या खणखणीत आवाजात ऐकवत होत्या.

बाई टोपल्यावर बसून बघत राहिल्या. हीच का ती बाई?

मग एक गंमत झाली. वर जायची ट्रॉली भरायला मावशी क्षणभर थांबल्या. ट्रॉली आली नव्हती, म्हणून त्या भिंतीपाशी रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. आणि बोलणं तुटलं. वाक्य अर्धवट सोडून त्यांनी दाराकडे पाहिलं, ॲप्रनला हात पुसले, जवळचा घडी केलेला टॉवेल उचलला, उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला. लगेच बोलणं पुढे सुरू.

पाळी संपल्यावर बाईंनी मावशींना गाठलं. "मावशी, रागावू नका. हात रिकामे असले की तुम्ही गप्प का होता?"

मावशी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही.

"गप्प होते का मी?" त्यांनी विचार केला. "होत असेन. रिकामे हात दिसले की मुकादम ओरडायचा ना. पहिल्यापासूनचं आहे ते. आणि बाई, खरं सांगू? त्या खुर्च्या."

"खुर्च्यांचं काय?"

"त्या पाहुण्यांच्या आहेत. आम्हाला बसायची बंदी आहे त्यांच्यावर. मी नवी असताना एकीला बसलेली बघितलं आणि त्याच दिवशी काढून टाकलं. आता बाद झाल्यात, साहेबांनीच दिल्यात, सगळं कळतं मला. पण टेकले की वाटतं, आत्ता कुणीतरी येणार आणि मला पकडणार. तुम्ही काय विचारता ते ऐकूच येत नाही मग."

बाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. रांग, अर्धगोल, पूर्ण गोल, जोड्याजोड्या! इतके दिवस त्या खुर्च्या इकडून तिकडे सरकवत होत्या, आणि खुर्चीच काढून टाकावी हे काही सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या अकलेचं कौतुक करावंसं वाटलं.

"उद्या खुर्च्या बाहेर," त्या म्हणाल्या. "आणि चादरी आत. करून बघू!"

या एक सोडून दोन काचा झाल्या, असं नवऱ्यानं रात्री नम्रपणे निदर्शनास आणलं. तेव्हा पहिल्या दिवशी नुसत्या खुर्च्या गेल्या. मावशी उभ्या राहिल्या, थोड्या सैल झाल्या, एक-दोन शब्द पुटपुटल्या. मग चादरी आल्या. ताणताना एकीनं इंग्रजीत विचारायचं, टोकं मिळताना दुसरीनं इंग्रजीत सांगायचं. "वॉट टाईम ब्रेकफास्ट?" चादर ताणली. "सेव्हन टू टेन, सर!" टोकं मिळाली. आणि हे उत्तर मावशींचं होतं, भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजातलं. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मावशींनीच चादरीला झटका दिला, "थांबलात काय? घ्या पुढची!"

त्या दिवशी वरची दोरी चिमट्यांनी गच्च भरली. दोन्ही जावांचे चिमटेसुद्धा शेजारीशेजारी होते. बाईंनी ते दृश्य बराच वेळ पाहिलं.

सगळं सुरळीत झालं असतं तर त्या करून बघू बाई कसल्या! काही दिवसांत लक्षात आलं, की उत्तरं येतात खरी, पण घडीएवढीच. टोकं मिळाली की संपलं बोलणं. मग बाईंनी लहान चादरी बाजूला करून मोठ्या पलंगाच्या चादरी मागवल्या. त्यांच्या घड्या जास्त, म्हणून गप्पा लांब. पाहुणा चिडलाय असं धरून बोलायचं असेल तर ओली चादर, कारण ती जड असते आणि सावकाश ताणावी लागते. हा उपाय बायकांनीच काढला. आता त्याच रोज काहीतरी सुचवत, "बाई, हे बदलून बघू का?" बाईंचा शब्द त्यांनी केव्हा उचलला, ते बाईंनाही कळलं नाही.

पण खरी काळजी वेगळीच होती. मुख्य कचेरीच्या मॅडम काही चादर धरून परीक्षा घेणार नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, समोरासमोर खुर्च्यांवर बसून बोलायचं, असं पत्रच आलं होतं. बाई मॅनेजरांकडे गेल्या. खोली आवरणारी बाई पाहुण्यासमोर खुर्चीवर बसते का कधी, मग परीक्षा तशी का, असं त्यांनी बरंच समजावलं. मॅनेजरांना पटलं, पण पद्धत वरून ठरलेली होती, त्यांच्या हातात काही नव्हतं.

तेव्हा मोठ्या चादरीवरून लहान चादर, लहान चादरीवरून टॉवेल, टॉवेलवरून हातरुमाल, असं हळूहळू उतरत जायचं ठरलं. बाकीच्या सगळ्या उतरल्या. धाकटी जाऊ तर शेवटी हात मागे बांधून, खुर्चीवर रेलून, न थांबता बोलून दाखवू लागली. थोरलीला ते बघवेना, म्हणून तीही बोलू लागली. मावशी मात्र हातरुमालापर्यंत आल्या आणि अडल्या. रुमाल हातात असला की त्या उशीलाही हसवतील असं बोलत. रुमाल काढला, खुर्ची दिली, की पुन्हा तेच, पालथे हात, जमिनीकडे नजर.

"असू दे, बाई," त्या एकदा म्हणाल्या. "बोलता येतं हे तर कळलं मला. का येत नाही तेही कळलं. एवढं तरी आधी कुठे माहीत होतं?"

बाईंना मात्र या समजूतदारपणाचा रागच आला. नुसतं कळून पोट भरत नाही, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

---

परीक्षेच्या दिवशी सगळ्या जणी वरच्या मजल्याच्या गालिच्यावर रांगेत उभ्या होत्या. एरवी तिथे पाय ठेवायची त्यांना मुभा नव्हती. एकेक आत जात होती आणि लाल चेहऱ्यानं, पण हसत बाहेर येत होती. जावा एकापाठोपाठ एक जाऊन आल्या, आणि कुणाशी मॅडम जास्त वेळ बोलल्या यावर त्यांची तिथेच कुजबुजत जुंपली. मावशी सगळ्यांत शेवटी होत्या.

बाईंनी त्यांच्या हातात हातरुमाल कोंबला. "हा ठेवा. खिशात हात घालून धरलात तरी चालेल."

मावशींनी रुमाल घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि बाईंनाच परत दिला. "तुम्हीच धरा. हात बघा तुमचे, केवढे थरथरतायत."

दार लागलं.

बाई दाराला कान लावून उभ्या राहिल्या. मोठ्या हॉटेलात शिक्षिकेनं असं उभं राहणं शोभत नाही, पण त्यांना आता कशाचंच भान नव्हतं. आतून मॅडमचा आवाज आला, काहीतरी प्रश्न विचारल्यासारखा. मग शांतता. पुन्हा मॅडमचा आवाज, यावेळी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसा. पुन्हा शांतता. ही शांतता बाई ओळखून होत्या. पालथे हात, जमिनीकडे नजर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग मावशींचा आवाज आला. खालच्या पट्टीतला, अडखळत, पण बऱ्याच वेळाचा. शब्द कळत नव्हते. तो थांबला आणि लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उठल्या मावशी! जमत नाही म्हणून सांगितलं असणार आणि आता दार उघडून बाहेर येणार.  काय बोलायचं आता यांच्याशी? पण दार उघडेना. उलट आतून दोन आवाज येऊ लागले, कधी खिडकीकडून, कधी पलंगाकडून, इकडून तिकडे फिरणारे. एकदा मॅडम मोठ्यानं हसल्या. आणि मग भिंतीपलीकडे जाणारा तो आवाज आला, थेट गालिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, "नो प्रॉब्लेम, मॅडम! आय ब्रिंग न्यू वन!"

मावशी बाहेर आल्या तेव्हा बाकीच्या जणींनी त्यांना घेरलं. मॅडमनं उंबऱ्यावर येऊन, तोवर तिथे येऊन थांबलेल्या मॅनेजरांना बोटानंच खूण केली, 'ही हवी.' जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि नंतर कोण आधी पडलं यावर भांडल्या. या गलक्यात मावशी मात्र बाईंचा हात धरून त्यांना जिन्याकडे घेऊन गेल्या.

"काय झालं आत?" बाईंना धीर धरवेना. "मला वाटलं तुम्ही उठून चाललात."

"मी कुठे उठले?" मावशी जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते, रिकामे. "मी आधीपासून उभीच होते. त्यांनी 'सिट' म्हटलं. मी खुर्चीकडे बघितलं आणि सगळे शब्द पळाले. मग म्हटलं, आपल्याला का बोलता येत नाही ते तर ठाऊक आहे ना? मग तेच सांगू. मी म्हटलं, मॅडम, आय वर्क हिअर मेनी मेनी इयर्स. आय नेव्हर सिट. दिस चेअर, आय अफ्रेड. आय स्टँड, आय टॉक गुड. प्लीज, यू ऑल्सो स्टँड."

"असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणाले. चुकलं असेल काहीतरी."

"एक शब्द चुकला नाही, मावशी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मग ती खुर्ची कोणाची सरकली?"

 मावशी समोरच्या लांबलचक गालिच्याकडे बघत होत्या.

"त्यांची," त्या म्हणाल्या. "उठल्या की हो त्या. या हॉटेलात माझ्यासाठी आजवर कुणी खुर्चीवरून उठलं नव्हतं, बाई."